समोरच्याने डिप्पर द्यावा

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने नवी गाडी घेतली आणि लगोलग रस्त्यावरच्या यच्चयावत माणसांशी वैर धरलं. नोकरीत असेपर्यंत हे ऑफिसच्या बसने जायचे-यायचे. खिडकीला डोकं टेकून झोपणाऱ्या माणसाला समोरच्या गाडीचा लाइट कसा आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. आता मात्र संध्याकाळी खारघरहून वाशीला जायचं, मार्केटजवळ जुन्या मित्रांबरोबर चहा प्यायचा, चार भाज्या घ्यायच्या आणि अंधार पडला की परत यायचं, असा ह्यांचा रोजचा कार्यक्रम ठरला. भाज्या चांगल्या यायच्या. त्यांच्याबरोबर तक्रारीही यायच्या.

चपला काढायच्या आधीच सुरुवात व्हायची. आज पाम बीच रोडवर एक मागे लागला होता, आरशातून नुसता डोळ्यांत भाले मारत होता. आज सेक्टरच्या वळणावर एक समोरून आला, जणू ह्याच्या बापाने सूर्य विकत घेऊन ठेवलाय. मी कणीक मळत ऐकत असायचे. ह्यांनी ड्रायव्हर लोकांच्या जातीही पाडल्या होत्या. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावून विसरणारे, अप्पर लावून मुद्दाम न विसरणारे, आणि आपण सभ्यपणे एकदा लाइट वर-खाली करून ‘डिप्पर द्या, झोत खाली घ्या’ अशी खूण केली तर उलट चवताळून दहा वेळा करणारे. शेवटच्या जातीवर ह्यांचा विशेष राग. जेवण होईपर्यंत तो टिकायचा आणि ताकाबरोबर हळूहळू शांत व्हायचा.

गाडी मीही चालवते. नवी आली तेव्हा जुनी छोटी गाडी माझ्याकडे आली. नेरुळला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते, तिथे तीच घेऊन जाते. तिचे लाइट पिवळे, मंद. हे त्यांना देवघर म्हणायचे. त्या देवघराच्या उजेडात मी रोज घरी पोचत होते, पण याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण मी पोचल्यावर भाषण करत नव्हते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक शेजारी आहे. मूळचा शिरवण्याचा. गावात त्याचं घर आहे, भाऊ आहेत. मुलांच्या कॉलेजसाठी तो इकडे खारघरला आला. माणूस गोड. ताजी कोळंबी आली की आमच्याकडे वाटी येते, ह्यांना ताप आला तर डॉक्टरकडे न्यायला आधी हा उभा. फक्त रस्त्यावर त्याची गाठ पडू नये. त्याची गाडी इतकी उंच, की त्याच्या बायकोला आत बसायचं म्हणजे माळ्यावर चढल्यासारखं चढावं लागतं. कंपनीने दिलेल्या लाइटवर त्याचं समाधान झालं नव्हतं. खाली बंपरवर आणखी दोन, वर टपावर एक पट्टी, आणि नुसतीच हौस म्हणून एक निळी रेघ.

ह्यांनी एकदा पार्किंगमध्ये त्याच्यापुढे आपलं गाऱ्हाणं मांडलं. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “काका, तुमचं चुकतंय. समोरच्यानं डिप्पर द्यावा असा वाटतं ना तुमाला? मंग त्याला तुमची भीती पायजे. लाइट असा पायजे का त्यानं लांबूनच हात जोडलं पायजेत.”

मी हसले. हे हसले नाहीत. मला तेव्हाच कळलं, की आता काहीतरी होणार.

पुढच्या रविवारी तो ह्यांना शिरवण्याला घेऊन गेला. तिथे एमआयडीसीच्या बाजूला गाड्यांची सजावट करणाऱ्यांची दुकानं आहेत. माझी धाकटी बहीण तिथून जवळच नेरुळला राहते, तिच्याकडे उतरायचं म्हणून मीही बरोबर गेले, आणि उतरायच्या आधी दुकानात थांबावं लागलं. भिंतभर बल्बची खोकी होती. एकावर वाघ, एकावर वीज, एकावर डोळे लाल केलेला कसला तरी राक्षस. उजेडासाठी राक्षस कशाला लागतो हे मला समजेना. दुकानदार येईल त्याला एकच प्रश्न विचारत होता, “कुठपर्यंत फेकायचाय?” गिऱ्हाईकही त्याचं उत्तर हाताने लांबवर दाखवून देत होतं. कशावर फेकायचाय हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मी विचारलं, हा समोरच्याच्या डोळ्यांत नाही का जाणार? दुकानदाराने माझ्याकडे अतिशय दयाळूपणे पाहिलं.

“मॅडम, समोरच्याचं टेन्शन समोरचा घेईल.”

ह्यांनी विजेचं चित्र असलेलं खोकं पसंत केलं. राक्षस ह्यांना जरा भडक वाटला. माणूस मुळात सौम्य आहे.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या भिंतीवर लाइटची चाचणी झाली. हे गाडीत, शेजारी भिंतीपाशी, मी जिन्यात. पांढराशुभ्र, जरा निळसर उजेड भिंतीवर पडला आणि भिंतीच्या भेगा, वर्षानुवर्षांचे ओघळ, कुणीतरी खडूने काढलेले स्टंप, सगळं लख्ख दिसायला लागलं. तो उजेड भिंतीवर थांबला नाही. बाजूच्या तळमजल्यावरच्या खिडकीतही शिरला. तिथे एक नवं जोडपं राहतं, त्यांना तान्हं बाळ आहे. थोड्या वेळाने त्या बाळाचा बाप बाळाला खांद्यावर घेऊन, डोळे बारीक करत बाहेर आला. बाळ रडत होतं. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, “काका, जरा डिप्पर करता का?”

“डिप्परच आहे हा,” हे अभिमानाने म्हणाले. “अप्पर अजून लावलाच नाही.”

तो मुलगा बाळाला थोपटत मागे वळला. आत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीला जाड काळे पडदे लागले.

आता ह्यांच्या तक्रारी थांबतील अशी माझी भाबडी समजूत होती. त्या वाढल्या. कारण आता खारघर ते वाशी, समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण ह्यांना लाइट वर-खाली करून दाखवू लागला. रिक्षावाले, टेंपोवाले, एकदा तर परिवहनच्या बसने. सुट्टीच्या दिवशी मी बाजूला बसलेली असायचे. मी सांगितलं, अहो, ते तुम्हाला सांगतायत, तुमचा कमी करा. ह्यांना ते पटेना. आपला लाइट डिप्परवर आहे हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणजे चूक दुसऱ्याची. मग ही माणसं लाइट का मारतात? बराच विचार करून हे एका निष्कर्षाला आले.

“जळतात,” हे म्हणाले.

याच सुमारास एक फोन आला. गाडी घेताना दिलेला नंबर कुठून कुठे फिरला असेल कोण जाणे. गाड्यांचे लाइट बनवणाऱ्या कुठल्या तरी कंपनीला, गाडी चालवणाऱ्यांना लाइटकडून नेमकं काय हवंय हे जाणून घ्यायचं होतं. वाशीच्या एका हॉटेलात बैठक होती. चहा, खाणं, भेटवस्तू. नवरा-बायको दोघंही चालवत असतील तर दोघांनी यावं. शेजाऱ्यालाही फोन आला होता. मी पाहिलं, ह्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला होता, जणू देशाने शेवटी हाक मारली.

हॉलमध्ये आम्ही वीसएक जण असू. एसीच्या गारठ्याने सँडविच कडक झाली होती. बैठक चालवायला एक चुणचुणीत मुलगी होती, कोट घातलेली. तिने सुरुवातीलाच सांगितलं, “आज इथे कुठलंच उत्तर राँग नाहीये.” इतकी वर्षं शिक्षणाच्या आसपास काढलेल्या माझ्यासारखीला हे वाक्य ऐकून धडकी भरली.

एकेक जण बोलायला लागला. पर्यटकांची गाडी चालवणारा एक जण होता. तो म्हणाला, लाइट कसाही द्या, पण बल्ब गेला की नुसता बल्ब बदलता आला पाहिजे. हल्ली बारीकसं काही बिघडलं की अख्खा लाइट बदलायला लावतात. मला ते बोलणं सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. मुलीने मान डोलावली आणि लिहून मात्र घेतलं नाही. एक डॉक्टर होते, त्यांना स्टिअरिंग वळेल तसा लाइट वळायला हवा होता. घाटात जाता का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, नाही, पण वळला पाहिजे. आमच्या शेजाऱ्याने हात जोडण्याचा आपला सिद्धांत मांडला. बऱ्याच पुरुषांनी माना हलवल्या.

मग हे उठले. इतरांनी बसूनच सांगितलं होतं. हे उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, “माझी अपेक्षा अगदी साधी आहे. माझा लाइट लांब जावा. आणि समोरच्याचा माझ्या डोळ्यांत येऊ नये.”

हॉलने टाळ्या वाजवल्या. निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर ह्यांना मिळालेल्या या पहिल्याच टाळ्या, आणि त्याहून मनापासूनच्या. त्या मुलीने हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

बायकांची पाळी आली तेव्हा प्रश्न बदलला. “मॅडम, लाइटचा शेप तुम्हाला कसा आवडेल? म्हणजे डोळ्यासारखा, पानासारखा?” मी म्हटलं, शेप कसाही चालेल, खड्डा आत जायच्या आधी दिसला की झालं. तिने लिहिलं, ‘साधं डिझाइन’.

मग तिने विचारलं, समोरून गाडी आली की डिप्पर कोण कोण देतं? सगळे हात वर. शेजाऱ्याचाही. ह्यांचा तर सगळ्यांत उंच. तिने पुढे विचारलं, समोरचे लोक तुम्हाला डिप्पर देतात, असं किती जणांना वाटतं? एकही हात वर नाही. मी हॉलभर नजर फिरवली. नवी मुंबईतले डिप्पर देणारे सगळे लोक नेमके त्या दिवशी त्या हॉलमध्ये जमले होते. बाहेर रस्त्यावर कोण उरलं असेल याची मला काळजी वाटली.

शेवटी पडद्यावर नवं तंत्र दाखवलं. गाडीला कॅमेरा असतो. समोरून कुणी आलं की आपल्या उजेडातला तेवढाच तुकडा, जो त्या माणसाच्या डोळ्यांत जाईल, तो आपोआप विझतो. बाकी रस्ता उजळलेलाच राहतो. मला ते खरोखर आवडलं. हॉलमध्ये मात्र अस्वस्थ चुळबूळ सुरू झाली. डॉक्टरांनी हात वर केला.

“हे बंद करायचं बटण असेल का?”

असेल, मुलगी म्हणाली. बंद करता येईल. सगळा हॉल सैल झाला. तंत्र सर्वांना पसंत पडलं.

बहिणीचा पाय मुरगळला तो साधारण पुढच्या महिन्यात, थंडीचे दिवस होते. ती एकटी राहते, म्हणून काही दिवस तिला आमच्याकडे आणायचं ठरलं. माझी गाडी सर्व्हिसिंगला दिलेली होती. कॉलेज सुटल्यावर मी तिच्याकडे गेले, तिची गाडी काढली, तिला पाय लांब करून बाजूला बसवलं आणि निघाले. तिचीच गाडी घेऊन येणार हे ह्यांना कळवायचं राहून गेलं.

आमच्या सेक्टरमागच्या रस्त्यावर पाइप टाकायला खोदलं होतं. एका बाजूने पत्रे उभे केलेले, उरलेल्या पट्टीतून एका वेळी एकच गाडी जाईल. आम्ही त्यात शिरून बरंच पुढे गेलो होतो, आणि पलीकडच्या तोंडातून पांढरा उजेड आत शिरला. मी आत आहे हे दिसत असताना तो थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. येत राहिला, येत राहिला आणि नाकाला नाक लावून उभा राहिला. मग लाइट वर-खाली, वर-खाली आणि हॉर्न. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. गाडी कुठली, नंबर काय, आत कोण, सगळं त्या पांढऱ्यात बुडालं होतं. मी डोळ्यांवर हात धरला.

पलीकडच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. बहीण म्हणाली, ताई, उतरू नकोस. त्या उजेडात एक काळी आकृती चालत येताना दिसली. चेहरा नव्हता, नुसती आकृती.

“ए, दिसत नाही का? गाडी घुसवलीस ती?” आकृती ओरडली. “चालवता येत नाही तर घरात बसायचं. निघाल्या आपल्या. नवऱ्याला अक्कल नाही का, असल्या बाईच्या हातात गाडी देतो ती?”

दुसऱ्याच शब्दाला मी आवाज ओळखला. ओळखला, आणि तरी तो ह्यांचा आहे हे मला पटेना. इतक्या वर्षांच्या संसारात हा स्वर मी एकदाही ऐकला नव्हता. घरात मीठ हवं असलं तरी हे ‘जरा देतेस का’ म्हणतात. माझ्या बहिणींशी, मैत्रिणींशी, कामाला येणाऱ्या बाईंशी बोलताना ह्यांचा आवाज वर गेलेला कुणाला आठवत नाही. आणि इथे हे एका अनोळखी बाईला ‘ए’ म्हणत होते, तिच्या नवऱ्याची अक्कल काढत होते. सराईतपणे बोलत होते. पहिल्यांदा बोलतोय असं वाटत नव्हतं.

हे बॉनेटवर हात ठेवून, चाचपत माझ्या खिडकीपाशी आले. एका हाताच्या अंतरावर उभे राहून आत पाहिलं आणि अजून एक वाक्य टाकलं, जे मी इथे लिहिणार नाही. तेव्हाही ह्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी काच खाली केली. “विचारते त्यांना,” मी म्हटलं. “घरी आले की विचारते.”

हे काचेपासून एक पाऊल मागे सरले. मग ह्यांच्या गाडीमागे अडकलेल्या कुणीतरी हॉर्न दिला.

“अगं, तू आहेस होय,” हे म्हणाले. घरच्या आवाजात. मीठ मागण्याच्या आवाजात.

शिव्या मला तेवढ्या लागल्या नाहीत. हा आवाज लागला. तो इतक्या पटकन बदलला, एका श्वासात, की मला कळलं, दोन्ही जवळजवळच ठेवलेले होते. बहीण तोंडावर ओढणी धरून हसत होती. मला हसू आलं नाही.

हे परत जाऊन गाडी मागे घ्यायला लागले. गाडी वाकडी गेली, पत्र्याला घासली, मोठा आवाज झाला. मागचा माणूस उतरून हाताने दिशा दाखवायला लागला, तरी जमेना. शेवटी मीच मागे घेतली. अख्खी पट्टी, उलटी, माझ्या आरशात बघत. तेवढा वेळ ह्यांचा लाइट माझ्या तोंडावर होता. कमी करायचं ह्यांच्या लक्षातच आलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. हे चहा करतात म्हणजे प्रकरण गंभीर असतं. बहीण सोफ्यावर पाय उशीवर ठेवून बसली होती, मी खुर्चीत. कप ठेवताना हे म्हणाले, “मला दिसलं नाही गं, तू आहेस ते.”

“दिसलं असतं तर?”

“तर असं बोललो असतो का मी?”

ह्यांच्या मते हा पुरेसा बचाव होता. चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. मी विचारलं, “म्हणजे दुसरी कुणी असती, तर ते सगळं ठीक होतं?”

ह्यांनी साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घातली आणि ढवळत बसले. मग म्हणाले, रस्त्यावर सगळे असंच बोलतात. मी म्हटलं, बायकांशी? चमचा मात्र फिरत राहिला. तो खळखळ आवाज मला असह्य झाला होता, पण मी थांबवलं नाही. उत्तर मिळाल्याशिवाय मी काहीच मदत करणार नव्हते.

शेवटी बहीणच मध्ये पडली. “दाजी, ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्ही काचेला नाक लावलंत तरी ताईला ओळखलं नाहीत. मला दिसलं ते. डोळे दाखवा.”

हे एकदम ताजेतवाने झाले. हो का, म्हणाले, खरंच की. डोळेच असतील. दाखवायलाच पाहिजेत. जिभेवरचा दोष डोळ्यांवर ढकलायला मिळतोय म्हटल्यावर ह्यांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली. पाठदुखीसाठी मी ह्यांच्या मागे वर्षभर लागले होते.

वाशीची डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. ह्यांनी तिला आधी रस्त्यावरच्या लाइटचा पूर्ण इतिहास सांगितला, जातींसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, समोरच्या लाइटभोवती वलयं दिसतात का, रेघा फुटतात का. दिसतात ना, हे म्हणाले, हल्लीचे लाइट तसेच असतात. ती म्हणाली, लाइट तसे नसतात, तुमच्या डोळ्यातलं भिंग धुरकट झालंय, त्यामुळे उजेड आत फुटतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि चांगलाच वाढलाय.

“म्हणजे समोरच्यांची काही चूक नाही?” ह्यांनी विचारलं. आवाजात एवढी निराशा होती, की त्या मुलीला दया आली असावी. ती म्हणाली, तसं नाही, हल्लीचे लाइट डोळ्यांना त्रास देतात हेही खरं आहे. संपूर्ण तपासणीतलं हेच एक वाक्य हे घरी घेऊन आले. ऑपरेशन होईपर्यंत अंधारात गाडी चालवायची नाही, असं तिने जे बजावलं होतं, ते मला पुन्हा सांगावं लागलं.

मग ह्यांना मी फिरवू लागले. ह्यांना नवी गाडीच हवी असायची. पहिल्याच संध्याकाळी ती घेऊन बाहेर पडले, आणि अख्खं खारघर मला लाइट मारायला लागलं. एक स्कूटरवाला शेजारून जाताना काचेवर थाप मारून काहीतरी बोलला. ते शब्द मला ऐकू आले. हे शेजारी बसून म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो?

दुसऱ्या दिवशी ह्यांना न विचारता मी गाडी शिरवण्याला नेली आणि जुने बल्ब परत बसवायला सांगितले. दुकानदाराला माझं म्हणणं दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, मॅडम, कमी करून घ्यायला आमच्याकडे कुणी येत नाही. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, घरात काही वाईट झालंय का अशी. काढलेले बल्ब शेजाऱ्याला दिले. त्याने ते भावाच्या गाडीला लावले. ह्यांना यातलं काही कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. एक डोळा, मग काही दिवसांनी दुसरा. पहिल्या आठवड्यात ह्यांना घरातली जळमटं दिसली, पंख्यावरची धूळ दिसली आणि सकाळी चहा पिताना माझ्याकडे बघत हे म्हणाले, “तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?” मी म्हटलं, तुमच्यासमोरच झाले.

डॉक्टरने परवानगी दिली त्या संध्याकाळी हे एकटेच खाली गेले आणि सेक्टरला एक फेरी मारून आले. खूश होते. रस्ता किती लांबपर्यंत दिसतो, खड्डा कसा आधीच कळतो, सगळं सांगून झालं. समोरच्यांच्या लाइटचाही एवढा त्रास झाला नाही. मग म्हणाले, “शेवटी ते बल्ब घेतले ते बरंच झालं. आता त्यांचा खरा उपयोग कळतोय.”

मी सांगितलं, बल्ब कधीच काढलेत. ज्या लाइटने तुम्ही आत्ता जाऊन आलात ते कंपनीचे जुनेच.

हे उठून खाली गेले. मी गॅलरीतून पाहिलं. गाडी सुरू करून, लाइट लावून, हे पुढे जाऊन उभे राहिले आणि वाकून बघत राहिले. तळमजल्यावरच्या खिडकीचे काळे पडदे बाजूला केलेले होते, आतून दिवा दिसत होता. बऱ्याच वेळाने हे वर आले.

“तरीच म्हटलं,” हे म्हणाले, “आज कुणी अप्पर का मारत नाहीये.”

यापलीकडे त्या विषयावर ह्यांनी चर्चा केली नाही. मीही नाही. त्या पट्टीतल्या संध्याकाळबद्दल मात्र मी एकदा पुन्हा विचारलं. म्हटलं, डोळे झाले बरे, बाकीचं काय? हे वर्तमानपत्र वाचत होते. त्याची घडी घातली. मग म्हणाले, “बोलायचो मी असं. बऱ्याचदा.” माफी वगैरे मागितली नाही. पण तेवढं म्हणाले, आणि मी तेवढं घेतलं. जास्त मागितलं असतं तर त्या तोडक्या वाक्याचं पुन्हा भाषण झालं असतं, याची मला खात्री होती.

हल्ली आम्ही संध्याकाळी बरोबर जातो. परवा खारघरच्या सिग्नलला आमच्यापुढे एक मुलगी स्कूटीवर होती. दिवा हिरवा झाला आणि तिची स्कूटी बंद पडली. ती किक मारत राहिली. मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले. ह्यांचा हात हॉर्नकडे गेला, मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. पण ओठ हलले होते. काच बंद होती. मुलगी स्कूटी ढकलत कडेला गेली, आम्ही पुढे निघालो.

“मी काही बोललो नाही,” हे म्हणाले.

“ऐकलं मी,” मी म्हटलं.

हे गाडी चालवत राहिले, नीट, आपल्या रांगेत. वाशी येईपर्यंत समोरून कितीतरी गाड्या अप्पर लावून गेल्या. हे डोळे बारीक करायचे, गिअर बदलायचे आणि तोंड घट्ट मिटून पुढे बघायचे. मार्केटजवळ गाडी लावल्यावर पहिलं वाक्य बोलले, ते मेथीबद्दल होतं.